पिंजणयंत्र आणि खंडेनवमी

“काका, शर्ट काढून बसा. जानवं नसेल तर आमच्याकडे आहे.”

सांगलीतील बंद सूतगिरणीचे कलादालन झाले. गिरणीकामगाराचा मुलगा आणि संस्कृतचा शिक्षक, म्हणून उद्घाटनाच्या पूजेला मला बोलावले होते. मुंबईहून आलेली संयोजिका सर्वांसमक्ष हे बोलली. मी जानवे घालत नाही. आमच्या जातीला ते कुणी दिले नाही. संस्कृत मात्र मी मिळवले. रहिमतपूरच्या शाळेत जन्मभर शिकवले आणि निवृत्तीनंतर सांगलीला परतलो.

“मंत्र कोणतेही म्हणा,” ती पुढे म्हणाली. “कुणाला कळतायत?”

माझे वडील याच गिरणीत पिंजणयंत्रावर होते. कापसाच्या धुळीने त्यांची छाती गेली. ते यंत्र आता रंगवून दालनाच्या मध्यभागी ठेवले होते. भोवती छतापासून जमिनीपर्यंत पांढरे कापड. यंत्र फिरले की कापड हलायचे आणि ध्वनिवर्धकांतून खोकला ऐकू यायचा. कामगारांचा खोकला. नटांकडून करवून घेतलेला. चाचणी चालू असता पाहुणे कॉफीचे पेले हातात घेऊन म्हणत होते, “वा! काय इफेक्ट आहे!”

माझी मान खाली गेली. मग रक्त तापले.

त्या दिवशी खंडेनवमी होती. संयोजकांच्या हे ध्यानातच नव्हते. खंडेनवमीला पूजलेले यंत्र दसऱ्यापर्यंत कुणी चालवत नाही. गिरणीचे मालकही चालवत नसत.

मी शर्ट काढला नाही. यंत्राला हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. मंत्र म्हटले, एकही अक्षर न गाळता. शोभेला बसवलेले जुने कामगार चपला काढून उभे राहिले. त्यांनी हात जोडले.

“आता ऑन करा,” संयोजिका म्हणाली.

बटणापाशी कुंडलचा वायरमन होता. तो हलला नाही. “आवं बाई, पुजलंय न्हवं? आज न्हाई फिरायचं.”

“कोण म्हणतं?”

“आमी म्हंतो!” मागून एक म्हातारा कामगार ओरडला. “खोकला पायजे तर माझा ऐक की! फुकट हाय!”

कामगार हसले. ती माझ्याकडे वळली. “काका, प्लीज. तुम्ही सांगा ना यांना.”

मी सांगितले नाही. पाहुणे घड्याळे पाहत निघून गेले. तिचा चेहरा उतरला. मला आनंद झाला. हा आनंद मी देवापाशीही लपवत नाही.

दसरा उलटल्यावर ते यंत्र पुन्हा फिरवतील, हे मी जाणतो. देवपूजा आटोपून मी रोज तिथे जाईन. दारात उभा राहीन. येईल त्याला वडिलांचे नाव सांगीन, ते कसे तडफडून गेले ते सांगीन, आणि हातातला पेला खाली ठेवायला लावीन. क्षमा मी शिकलो आहे, शिकवलीही आहे. यांना ती देणार नाही.