दोनच माणसांची मोटार

मामंजींनी दारात चालून आलेलं गिऱ्हाईक परत पाठवलं, तेव्हा त्याच्याच चहाची कपबशी माझ्या हातात होती. लग्नाला माझ्या अजून वर्षही झालं नव्हतं. पण एवढं कळत होतं, की घर बुडायला आलंय आणि हा माणूस आलेली होडी ढकलून देतोय!

मामंजी म्हणजे माझे सासरे. त्यांचा कारखाना घराला लागूनच, मधे नुसतं एक दार. परदेशातून मोटारीचा सांगाडा यायचा, इंजिन आणि चाकं. त्याच्यावर पत्र्याचं अंग आणि कातड्याची बैठक मामंजी चढवायचे. मोटारी कसल्या, वाऱ्याशी शर्यत लावणाऱ्या! उघड्या, बुटक्या, आणि बसायला जागा दोघांनाच. घेणारे सगळे सरदार नि जहागीरदार. संस्थान विलीन झालं आणि ते लोक यायचेच बंद झाले. एकाने बनवायला सांगितलेली लाल मोटार तर तयार होऊन, तो न्यायलाच न आल्याने, ताडपत्रीखाली तशीच पडली. कारागीर रोज यायचे, हत्यारं पुसायचे नि घरी जायचे.

आमचे हे म्हणायचे, "आबा, आता बसगाड्यांच्या बॉड्या बांधू. न्हाईतर दाराला कुलूप लागंल."

"बाकडी करणाऱ्याकडं कुणी पालखी सांगाया येत न्हाय," मामंजी म्हणायचे. विषय संपला.

अशात शाहूपुरीतले एक गुळाचे शेठ आले. ताडपत्री उचलून त्यांनी मोटारीवरनं हात फिरवला.

"मिस्त्री, झ्याक हाय. पण मागं एक बाकडं टाका की. घरची मंडळी काय टपावर बसवू? हिला टप बी न्हाय!"

"मागं काय बी बसणार न्हाय."

"ऱ्हायलं. हाय तशी द्या."

"ही दिलेली हाय. पुढच्या वर्षी दुसरी हुईल. तवा या, पावणं."

दिलेली? कुणाला? अहो, कुणालाच नाही! शेठ गेले आणि ह्यांनी आकाशपाताळ एक केलं. मामंजी शांतपणे तंबाखू मळत म्हणाले, "पैलवान दर जत्रंला लंगोट लावाया लागला, तर त्याच्यावर इनाम कोण लावंल? दिसला पायजे, पण घावला न्हाय पायजे."

मला वाटलं, झालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. आणि दुसऱ्या दिवशी तर खात्रीच पटली. संध्याकाळी फेटा बांधून ते सासूबाईंपुढे उभे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची.

"नवं लुगडं नेसा. रंकाळ्यावर जायचंय."

"कुठल्या देवाला?"

"देवाला न्हवं. मोटारीतनं. माझ्या शेजारी बसून."

आत्याबाई दोन पावलं मागं सरल्या. जन्मभर नवऱ्याच्या मागनं चाललेली बाई ती. "ह्या वयात मला गावाम्होरं मिरवताय व्हय? लोकं तोंडात शेण घालतील!"

"घालू देत. कारखाना जगवायचा हाय."

त्या लुगडं बदलून आल्या. पदर नाकापर्यंत ओढून, देवांची नावं घेत चढल्या. मोटार गुरगुरत गेली. मी उंबऱ्यात, तोंडाचा आ वासून. समोरच्या काकू सुपातले तांदूळ सांडत ओरडल्या, "अगं बया! म्हातारीला पळवून न्हेली की गं!"

मग हे रोजचंच झालं. रंकाळ्यावर माणसं फिरायला येत नव्हती, आमच्या आत्याबाईंना बघायला येत होती. मला तर पाण्याला जायची चोरी. पण एक मी बघत होते. नाकावरचा पदर हळूहळू कपाळावर गेला, मग अंबाड्यावर, आणि एके दिवशी त्या आल्या त्या केस विस्कटलेल्या, गाल लाल!

चैत्रातल्या हळदीकुंकवाला गुळाच्या शेठाणी आल्या. कधी न येणाऱ्या. आंब्याची डाळ हातातच ठेवून दबक्या आवाजात विचारलं, "काकी, भ्या वाटत न्हाय?"

"पयल्यांदा वाटतं. मग वारं लागतं," आत्याबाई म्हणाल्या. बायका फिसकन हसल्या. पण निघताना एकूण एक जण ताडपत्रीपाशी थांबली. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. आम्ही समजत होतो गिऱ्हाईक शेठ. मामंजींचा नेम होता शेठाणीवर!

आठवडा गेला नसेल, शेठ हजर. चेहरा पडलेला. "मिस्त्री, मागचं बाकडं नगं. पण लाल पायजे, हीच. घरात माझ्याशी कोण बोलंना झालंय."

मामंजींनी ऐटीत मान डोलावली. कारागीर कानोसा घ्यायला लागले. ह्यांच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू. आता व्यवहार होणार, तोच मोटारीतून आवाज आला. आत्याबाई फेरीसाठी आधीच जाऊन बसल्या होत्या.

"ही दिलेली हाय."

मामंजींचं तोंड उघडंच राहिलं. त्यांना असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "कुणाला?"

"मला. तुमीच दिलीसा की, समद्या गावाम्होरं. मी उतरत न्हाय."

एवढं करून गेला हातचा घास! शेठनी आत्याबाईंकडे पाहिलं, मग मामंजींकडे. टोपी सरळ केली नि म्हणाले, "मग दुसरी करा. पर पुढच्या वर्षी न्हाय, दिवाळीला. काकी बसल्यात तशीच." आणि जागेवर विसाराचे पैसे दिले.

दुपारी पत्र्यावर हातोडा पडायला लागला. पुढे मागच्या शेडात ह्यांनी बसच्या बॉड्याही बांधल्या, आणि खरं सांगू, घर त्यांच्यावरही चाललं. पण त्या संध्याकाळी मामंजी फेटा बांधायचाच विसरून ओट्यावर बसून राहिले होते, आणि बाहेर मोटारीत बसून आत्याबाई हॉर्न वाजवत होत्या.