वळणावरची बिजागरी

मिस्टर यूलिस नार्सिस यांना कुणी कधी बँडमास्तर म्हटलं नाही. शाळेच्या कागदावर ते सफाई कामगार होते. एकतीस वर्षं त्यांनी मॅरेन्गो हायस्कूलच्या फरशा पुसल्या, आणि त्याच एकतीस वर्षांत मॅरेन्गो बँडमधल्या प्रत्येक पोराला कोपरा वळायला शिकवलं. सरळ चालवायचं काम बँडमास्तरांचं. कोपरा नार्सिसांचा.

ज्यांनी आठ जणांच्या रांगेत खांद्याला खांदा लावून कधी रस्ता कापला नाही, त्यांना वाटतं वळण्यात काय एवढं. तर ऐका. रांग वळते तेव्हा बाहेरच्या टोकाचा माणूस ढांगा टाकतो, मधले बेताबेतानं चालतात आणि आतल्या टोकाचा जवळजवळ जागेवरच राहतो. ताल मात्र आठही जणांचा एकच. कुणाचं पाऊल हातभर, कुणाचं बोटभर, पण जमिनीला टेकायचं एकाच ठोक्याला. वर ओठाला वाद्य आणि खाली आमच्या न्यू ऑर्लिन्सचे खड्डे. त्यात कार्निव्हलच्या चित्ररथांवरून फेकलेल्या मण्यांच्या माळा पायाखाली.

नार्सिस म्हणायचे, "रांग म्हणजे दार. आतल्या कडेचं पोर म्हणजे बिजागरी. दार किती का मोठं असेना, लटकतं बिजागरीवर." म्हणून वळणात सगळ्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून बिजागरीकडे बघायचं आणि ती करील तसं करायचं. मागच्या ओळीनं पुढच्या ओळीकडे. कान पाठीमागे ढोलांकडे, कारण पुढून आलेला आवाज नेहमी उशिरा पोचतो. आणि वळण सुरू झालं की बाहेरून कुणी एक शब्द बोलायचा नाही. बँडमास्तरनं नाही, खुद्द नार्सिसांनीही नाही. मी चार वर्षं त्यांच्या हाताखाली झांजा वाजवल्या. पुढे शाळा वाचवायच्या भांडणात पडले, कुठे आवाज चढवायचा आणि कुठे गिळायचा ते शिकले. पण पहिला धडा तोच.

मॅरेन्गोची चाल तरंगती. गुडघा उचलायचा नाही, टाचेपासून चवड्यापर्यंत पाऊल जमिनीवर ओघळू द्यायचं. कमरेच्या वर बघाल तर माणूस पाण्यावरून चाललाय असं वाटावं. माळा पायानं बाजूला सरकतात, पाय त्यांच्यावर पडत नाही. नार्सिसांना ती त्यांच्या चुलत्यानं शिकवली होती, आणि चुलत्यानंतर ती पुरती येणारा माणूस हाच एक.

पलीकडची बेलफॉन्टेन शाळा उंच गुडघ्याची. मांडी पार आडवी. आम्ही त्यांना म्हणायचो, तापल्या तव्यावरच्या कोंबड्या. ते आम्हाला म्हणायचे, बुटांना च्युइंगम लागलेले. चाळीस वर्षं हेच. भर रस्त्यात दोन्ही बँड समोरासमोर आले तर कुणी वाट द्यायचं नाही.

मग विश्वस्त मंडळानं दोन्ही शाळा एकत्र केल्या. नव्या शाळेचं नाव सात शब्दांचं, आजवर एकाही माणसाच्या तोंडून ते पुरं ऐकलेलं नाही. त्या बैठकांमध्ये मी घसा फोडला, दोनदा मला बाहेर काढलं, त्याचं मला काही वाटत नाही. बँड ठेवायला ते तयार झाले, एका अटीवर. कार्निव्हलच्या दोन रविवार आधीच्या मिरवणुकीत एक बँड दिसला पाहिजे. दोन शाळा दिसल्या तर पुढच्या वर्षीपासून बँड बंद, गाण्याचा तास वर्गात. मंडळाची माणसं कोपऱ्यावरच्या मंडपात बसून बघणार होती.

नवा बँडमास्तर ग्रँडरसन बाहेरगावचा, कॉलेजात शिकलेला, पोरगा सरळ होता. त्यानं नार्सिसांनाच विचारलं, "चाल कुठली ठेवायची?"

"मॅरेन्गोची," नार्सिस म्हणाले. "माळांवर गुडघेवाले घसरतात."

कारण खरं होतं. पण ते एकच कारण नव्हतं, हे मला ठाऊक होतं. ही चाल गेली तर ती कायमची जाणार होती. कागदावर लिहून ठेवायची वस्तू नव्हे ती.

पहिल्या दिवशी त्यांनी अंगणात खडूनं रेघा मारल्या आणि दोन्ही शाळांची पोरं एकाआड एक उभी केली. पहिल्या ओळीत नेहमीसारखे ट्रॉम्बोनवाले, कारण त्यांची दांडी पुढे सरकते, तिला मोकळी जागा लागते. आतल्या टोकाला त्यांनी ओरेलिया फॉन्टेनोला उभं केलं. बेलफॉन्टेनची सगळ्यात उंच गुडघा उचलणारी पोरगी, अख्ख्या वॉर्डात नाव असलेली.

ती भडकली. "मला कोपऱ्यात खुंटीला टांगताय? म्हणजे मी चालायचंच नाही?"

"चालायचंस की. बोटभर."

"आणि तुमच्या शाळेचा हा लंबू बाहेरून मिरवणार."

"बाळा, तो चुकला तर एक माणूस चुकतो. तू चुकलीस तर आठ. बघ, जमत नसेल तर सांग, दुसरं कुणी बघतो."

जमत नसेल म्हटल्यावर ती हलणार थोडीच.

पहिला आठवडाभर ती पावलाआधी खांदा वळवायची आणि सगळी रांग तिच्यामागे फरफटत यायची. नार्सिसांनी तिच्या डोक्यावर फडक्याची घडी ठेवली. खांदा आधी वळला की घडी पडायची. दुसऱ्या आठवड्यात ती पडायची थांबली. तरंगती चालही पोरं शिकली, पण थकली की बेलफॉन्टेनचे गुडघे आपोआप वर यायचे, पाण्यात दाबलेला चेंडू यावा तसे. नार्सिस तेवढंच म्हणायचे, "टाच." गुडघे खाली.

मी एकदा म्हटलं, "मिस्टर नार्सिस, त्यांच्यातली ही पोरगी बिजागरीला कशाला? आपली ठेवा एखादी."

"मिस वॉनेटा, तुम्ही बैठकीला जाता तेव्हा मी तुम्हाला शिकवायला येतो का, कुणाला शिव्या घालायच्या ते?"

"आलात तर बरं होईल. माझ्या संपत आल्यात."

ते हसले नाहीत. "आपली पोरं माझ्याकडे बघतील," ते म्हणाले. "तिची माणसं तिच्याकडेच बघतात. मला ते डोळे पाहिजेत."

मिरवणुकीचा रविवार उजाडला, ऊन चांगलं होतं. दोन्ही बाजूंना शिड्या, शिड्यांवर मिरवणूक बघायला बसवलेली लहान पोरं, जाळीवर भाजणाऱ्या सॉसेजचा धूर. मी पाण्याच्या बाटल्या घेऊन नार्सिसांबरोबर बँडच्या कडेनं चालत होते. दोन मैल झाले. चाल नव्वद टक्के मॅरेन्गोची दिसत होती. रस्त्याकडेची आमची म्हातारी माणसं माना डोलावत होती. नार्सिसांची मान ताठ.

आता त्यांचा एक जुना नियम होता. पुढचा चित्ररथ कोपरा ओलांडून पार निघून जात नाही, तोवर बँड वळणात शिरायचा नाही. शिरायची खूण ते स्वतः खांद्यावरचं फडकं हलवून करायचे. त्या दिवशी कोपऱ्यावर मंडप होता, मंडपात मंडळाची माणसं, आणि ढोल अगदी रंगात आले होते. चित्ररथ अजून अर्धा वळलेला होता. नार्सिसांनी फडकं हलवलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी घाई केली. ती का केली हे मला कळतं, म्हणून मी त्यांना कधी बोलले नाही.

रांग वळू लागली आणि पुढे चित्ररथ ओढणारा ट्रॅक्टर बंद पडला.

पहिली ओळ रस्त्यात अर्धं दार उघडून ठेवावं तशी तिरकी उभी राहिली. मागे बाकीच्या ओळी. वाजवणं थांबवता येत नाही, पायही नाही. जागच्या जागी ताल धरायचा. आणि तिथेच गोची होती. तरंगती चाल पुढे जाण्यासाठी आहे. उभ्याउभ्या तिचं काहीच उरत नाही, नुसती टाच हलते. मॅरेन्गोची पोरं टाचा हलवत राहिली. सरळ रस्त्यात एखादं मिनिट ते खपून जातं. इथे तीन मिनिटं झाली, चार झाली. बेलफॉन्टेनच्या पायांना ते सोसेना. एक गुडघा वर आला. मग एक सोडून पलीकडचा. एकाआड एक उभी केलेली पोरं, त्यामुळे दात पडलेल्या कंगव्यासारखं दिसू लागलं. दोन शाळा, स्वच्छ. मंडपातल्या एका बाईनं शेजारच्याच्या कानाशी तोंड नेलं.

मी नार्सिसांचा दंड धरला. "टाच म्हणा. ऐकतील ती."

ओरेलिया आमच्यापासून हातभर अंतरावर. तिची टाच हलत होती, सांगितल्यासारखी. कपाळावरून घाम थेट डोळ्यात. मग तिचा पाय जमिनीवरून उठला. गुडघा आडवा झाला नाही. पाऊल पोटरीच्या मध्यापर्यंत आलं, चवडा खाली झुकलेला, क्षणभर तिथेच राहिलं आणि आवाज न करता खाली टेकलं. मग दुसरं. ते बेलफॉन्टेनचं नव्हतं. मॅरेन्गोचं तर नव्हतंच.

शेजारच्या आमच्या पोरानं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं आणि त्याचं पाऊल वर उठलं. त्याच्या शेजारच्या बेलफॉन्टेनच्या पोराचा गुडघा खाली आला. बाहेरच्या टोकाच्या लंबूपर्यंत ते पोचायला सहा ठोके लागले असतील. मग दुसरी ओळ, तिसरी ओळ, मागे क्लॅरिनेट, ट्रम्पेट, पार ढोलांपर्यंत.

एका शब्दाचं काम होतं. तो शब्द नार्सिसांच्या तोंडात आलेला मी पाहिला, ओठ उघडलेले पाहिले. त्यांनी तो गिळला.

"बोला ना," मी म्हटलं. "आपली चाल जातेय."

"वळणात बाहेरून बोलायचं नाही," ते म्हणाले. "नियम माझाच आहे."

ट्रॅक्टर चालू व्हायला अकरा मिनिटं लागली. अकरा मिनिटं एकशेचार पोरं तशीच पाय उचलत राहिली. मग दार फिरलं आणि रांग सरळ झाली. पण पुढच्या दीड मैलात कुणी तरंगती चाल धरली नाही. सगळे पोटरीपर्यंतच पाय उचलत चालले. माळांवर कुणी घसरलं नाही, हेही सांगायला हवं, मला आवडो न आवडो.

मंडळाचं पत्र आठवड्यानं आलं. बँड राहील. त्यात नार्सिसांचं नाव नव्हतं. मी मंडळाला उलट पत्र लिहिलं, ते इथे छापण्यासारखं नाही.

पण त्याआधी सोमवार आला. सोमवारी आमच्याकडे घरोघर घेवडा-भात, त्यातला डबाभर घेऊन मी शाळेत गेले. नार्सिस व्हरांड्यात फरशी पुसत होते. ओरेलिया भिंतीला टेकून उभी.

"पुन्हा उचल," ते सांगत होते.

"किती उचलायचं मला काय माहीत. गेला तिथवर गेला."

"गेला तिथवर म्हणजे किती? पुढच्या वर्षीच्या पोरांना काय सांगू, ओरेलियाचा गेला तिथवर?"

तिनं पाय उचलला. त्यांनी हातातला मॉप तिच्या पायाशेजारी उभा धरला आणि दांडीवर पाऊल पोचलं तिथे काळी चिकटपट्टी गुंडाळली. मग स्वतःचा पाय उचलून बघितला. सहासष्ट वर्षांचा गुडघा, पट्टीपर्यंत जाईना.

"च्युइंगम," ओरेलिया म्हणाली.

"कोंबडे," ते म्हणाले, आणि पुन्हा उचलला.

ती तासाला गेल्यावर मी विचारलं, "आणि चुलत्याची चाल?"

ते डब्याचं झाकण उघडून आत बघत राहिले. "तुमच्या पायात आहे ना अजून?"

"आहे."

"मग चाला."

राग आला होता, पण पाय निघाले. मी व्हरांड्याच्या त्या टोकापर्यंत मॅरेन्गोची चाल चालत गेले, टाचेपासून चवड्यापर्यंत, खांदे न हलवता. बरीच वर्षं झाली होती, तरी जमलं.

"मिस वॉनेटा," मागून आवाज आला, "फरशी ओली आहे. कडेनं चाला."