लाल टोकांच्या काठ्या

माझी थोरली, पंचशीला, खारफुटीत काठ्या रोवते असं कळल्यावर तिच्या आत्याने तोंडावरच विचारलं होतं, "एवढं शिकून चिखलात?"

पंचशीला विद्यापीठात पीएचडी करतेय. समुद्र वाढतोय, त्या मानाने खारफुटीत गाळ साचतोय का, हे ती शोधते. डोंगरीच्या खाडीत काठ्या खोल रोवायच्या आणि दर महिन्याला वर उरलेला भाग मोजायचा. तो कमी झाला, म्हणजे गाळ वाढला. काठी मात्र जागची हलता कामा नये.

ती ओहोटीला आत शिरते. गुडघ्यापर्यंत चिखल, मोबाइलला रेंज नाही. भरतीची वेळ तिच्याआधी मी बघून ठेवते आणि तिचा फोन येईपर्यंत घरात नुसती फिरत राहते.

परवा फोन आला. "आई, एकही काठी नाहीये."

"तू बाहेर आलीस ना?" मी विचारलं.

तिने फोनच कट केला. मी तशीच रिक्षा करून डोंगरीला गेले.

खाडीला लागूनच गावातल्या उर्मिलाताईंची भाजीची वाडी आहे. त्यांच्या ओट्यावर पंचशीला चिखलाच्या पायांनी बसली होती. समोर पडवळाचा मांडव, आणि त्याला आधार आमच्याच लाल टोकांच्या काठ्यांचा. लांबून दिसाव्यात म्हणून पंचशीलाने टोकं रंगवली होती. वनखात्याची परवानगी काढली होती. गावात कुणाला सांगायचं मात्र राहून गेलं.

"लाल टोका बघून वाटला मोजनी आली," उर्मिलाताई म्हणाल्या. "आता रस्ता नायतर टॉवर. वाडी जायाची म्हनून उपटल्या."

खरं काय ते कळल्यावर उर्मिलाताई काठ्या परत रोवायला निघाल्या, तर पंचशीलाने अडवलं. उपटलेली काठी पुन्हा रोवून जुनं माप जुळत नाही. सगळं पहिल्यापासून करावं लागणार, आणि फेलोशिप या वर्षी संपतेय. मीरा रोडच्या कॉलेजातली चालून आलेली नोकरी घे, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात तिनेच विचारलं, "ताई, कुठला रंग लावू?"

"कुठलाबी लाव. आदी गावात सांग."

निघताना त्यांनी माझा नंबर घेतला. पोर बाहेर आली की कळवते म्हणाल्या.

फेलोशिपला मुदतवाढ मिळेल की नाही, अजून काही कळलेलं नाही. नव्या काठ्या गॅलरीत सुकतायत, पिवळ्या टोकांच्या. अमावस्येच्या मोठ्या ओहोटीला ती त्या रोवणार. या वेळी फोन आला की आधी काठ्यांचं विचारायचं, असं ठरवलंय. जमेल का, माहीत नाही.