यादीत नसलेला किल्ला

जानेवारीतला दुसरा रविवार, संध्याकाळी पाच. स्थळ: मुलुंडला आमच्या घरचा हॉल. हजर: मी, माझा नवरा, आई, धाकटी बहीण आणि तिचा नवरा. गैरहजर: बहिणीचा मुलगा आणि सून. मुलगा कॅरिबियन समुद्रातल्या सेंट लुसिया बेटावर एका हॉटेलात नोकरी करतो. त्याच्याकडे तीन आठवडे राहून बहीण आणि तिचा नवरा परतले होते. कार्यक्रम: टीव्हीवर फोटो.

बैठक आमच्याकडे, कारण आई आमच्याकडे. बहीण पार्ल्याला तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. खुब्याचं हाड मोडल्यापासून आईला जिने चढता येत नाहीत. म्हणून सहा वर्षं ती माझ्याकडे आहे आणि म्हणूनच बहीण कधीही बॅग भरू शकते. हे मी कुणाला बोलून दाखवलेलं नाही. इथे लिहून टाकते.

खरं तर भाच्याने आधी मला बोलावलं होतं. "मावशी, तू ये. तू सगळं नीट बघशील." मी लगेच वही केली. काय बघायचं, कुठून कुठे किती वेळ लागतो, चढ कुठे आहे, सावली कुठे. समुद्रातून सरळ वर आलेले दोन सुळके. गाडी जवळजवळ तोंडापर्यंत जाते असा ज्वालामुखी आणि त्याच्या खाली गरम चिखलाची कुंडं. धबधब्याशेजारची बाग, कोकोचे मळे. आणि उत्तर टोकाला ब्रिटिशांचा जुना किल्ला. तिथून ते फ्रेंच आरमारावर नजर ठेवायचे. हवा स्वच्छ असली की फ्रेंचांचं मार्टिनिक बेट आजही समोर दिसतं. हे पान मी आईलाही वाचून दाखवलं होतं. दोन महिन्यांनी आई बाथरूममध्ये पडली आणि वही कपाटात गेली.

गेल्या वर्षी बहिणीची तिकिटं झाली तेव्हा तिचा फोन आला. "ताई, तुझी ती यादी दे ना. मी कुठे शोधत बसू?" वहीत बारा ठिकाणं होती. मी अकरा टाईप केली. किल्ला विसरले नव्हते. तेवढं एक माझं राहू दे, असं वाटलं. यादी पाठवली आणि भांडी लावायला घेतली.

तर फोटो. बहिणीने यादी प्लास्टिकच्या कव्हरात घालून नेली होती आणि बघून झालेल्या प्रत्येक ठिकाणापुढे लाल पेनाने खूण केली होती. ती खूण ती मला कौतुकाने दाखवत होती. माझी सहा वर्षांपूर्वीची मेहनत, तिची खूण. सुळके आले, कोपऱ्यात तिचं बोट. धबधबा आला, "छान होता," एवढंच. त्या बागेतलं पाणी पिवळट का दिसतं, हे मी तिला सांगू शकले असते. सांगितलं नाही.

मग चिखलाचा फोटो आला. दोघं डोक्यापासून पायापर्यंत काळी, फक्त दात दिसताहेत.

"ओळखा बघू यातली तुमची मुलगी कोण," बहिणीचा नवरा म्हणाला.

"चिखल फासायला विमानाने गेलात?" आई म्हणाली. "वज्रेश्वरी जवळ होती की."

सगळे हसले. मीही हसले, जरा उशिरा.

बहिणीने तिकडून आणलेल्या कोकोच्या कांड्या किसून, दूध, दालचिनी आणि जायफळ घालून सगळ्यांना गरम कोको दिला. आईने घोट घेऊन जायफळ जास्त झाल्याचं सांगितलं. मला तो आवडला. याचाही राग आला.

पुढचा फोटो भाच्याच्या घराजवळच्या किनाऱ्याचा होता. मागे दोन टेकड्या, एकीवर दगडी भिंत. मी ती तत्क्षणी ओळखली.

"ते काय आहे वरती?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"किल्ला आहे म्हणे," बहिणीचा नवरा म्हणाला. "मुलगा रोज मागे लागायचा, चला म्हणून. चालत जाण्यासारखा होता. पण ही ऐकेल तर ना."

"अहो, ताईच्या यादीत नव्हता," बहीण म्हणाली. "ताईने गाळलाय म्हणजे त्यात काही राम नसणार. उगाच कशाला गुडघे दुखवायचे?"

खरं सांगते, आधी मला बरं वाटलं. किल्ला तसाच राहिला होता. मग तिच्या बोलण्याचा अर्थ डोक्यात शिरला. पोटचा मुलगा हाताला धरून नेत होता आणि ती माझ्या कागदावर विसंबून खालीच थांबली होती.

आई टीव्हीकडे बघत होती. "तू मला वाचून दाखवलं होतंस ना गं? समोरचं बेट दिसतं तो किल्ला?"

"तो दुसऱ्या बेटावरचा, आई," मी म्हणाले.

"असेल," आई म्हणाली आणि रिकामा कप माझ्याकडे दिला.

निघताना बहीण दारात चपला घालत म्हणाली, "जुलैत सुनेचं बाळंतपण आहे, परत जायचंय. या वेळी यादी जरा वाढवून दे हं. तुझ्यामुळे काही म्हणता काही चुकलं नाही बघ."

मला एकदाही जायला मिळालेलं नाही, ही दुसऱ्यांदा चालली. दार लावलं आणि कोकोचे कप विसळायला घेतले.

नवीन यादी मात्र केली. पोपटांचं जंगल घातलं, राजधानीतला बाजार घातला. किल्ला पहिल्या क्रमांकावर आहे. सकाळी लवकर चढावं, पाणी बरोबर ठेवावं, उत्तरेकडे तोंड करून उभं राहावं, असं त्याच्यापुढे लिहिलंय. पण यादी पाठवली तर ती विचारणार, हा आधी का नव्हता. तेव्हा आधी फोन करून मीच सांगायला हवं. फेब्रुवारीपासून रोजच्या कामांच्या यादीत तो फोन लिहिते आहे. गॅस नोंदवून होतो, आईच्या फिजिओची वेळ ठरवून होते, सोसायटीची मीटिंग होते. आता मार्च संपत आला. फोन राहिलाय.