ट्यूबचं सील

सत्तर सालच्या आसपास धुळ्याच्या एका बर्फाच्या कारखान्यात आम्ही दोघं फिटर होतो. ऐन लग्नसराईत अमोनिया दाबणाऱ्या मशीनचं सील गेलं. ते तेल सोसणाऱ्या खास रबराचं लागायचं, मुंबईहून यायचं. माझा जोडीदार गावी गेला होता. मी ट्रकची जुनी ट्यूब कापली, सील बनवून बसवलं आणि मशीन चालू केलं. माझ्या हाताला जमणार नाही असं काही नाही, हा माज होता मला. तेलात ट्यूबचं रबर फुगून मऊ पडतं, हे ठाऊक असूनही. तिसऱ्या दिवशी भरदुपारी सील फाटलं आणि गॅस नुकत्याच परतलेल्या जोडीदाराच्या डोळ्यांत गेला.

दोन्ही डोळे गमावून तो दवाखान्यातून घरी आला. मी भेटायला गेलो, तर म्हणाला, "ते सील आण." दुसऱ्या दिवशी नेलं. त्याने ते बोटांनी चाचपलं, वाकवलं, नखाने खरवडलं.

"हाई ते ट्यूब शे, भाऊ. कोनी बसाडी?"

"शेठनी बसवायला लावली," मी म्हणालो.

नवं सील येईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही, असं मला एकट्याला बजावून शेठ शिरपूरला गेले होते.