सायकल चिन्हाची पेटी

अमेरिकेतल्या अल्फारेटाच्या आमच्या मराठी मंडळात मनोहरकाका अष्टेकर एका वाक्याने ओळखले जात. वाक्य त्यांचं नव्हतं, मंडळाचं होतं. गणपती असो की दिवाळी, माइक हाती आलेला माणूस म्हणे, "सत्तावन्न साली संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्यांनी विधानसभेच्या उमेदवारीचा त्याग केला, ते मनोहरकाका आज आपल्यात आहेत." टाळ्या पडत. काका अर्धवट उठून नमस्कार करत आणि परत बसत. गुडघ्यांमुळे पूर्ण उठवत नसे. लोकांना तो विनय वाटे.

काका सांगलीकडे एका खासगी शाळेत मास्तर होते. पत्नी गेल्यावर मुलाने, प्रसादने, त्यांना इकडे आणलं. प्रसाद आणि सून गिरिजा सकाळी आपापल्या गाड्यांतून ऑफिसला गेले की काका खिडकीशी बसत आणि समोरच्या रस्त्यावरून कोणी चालत जातं का ते बघत. बहुधा कोणी जात नसे. एकदा एक माणूस चालताना दिसला, तर तो मीटर वाचायला आलेला निघाला. याबद्दल काकांची तक्रार नव्हती. तक्रार करायची तर पुढचं बोलणं ऐकून घ्यावं लागतं, आणि तेवढी ताकद ते वाचवून ठेवत.

मंडळात निवडणूक कधी झालेली नव्हती. अध्यक्ष आधी कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये ठरे आणि मग सर्वसाधारण सभेत बिनविरोध निवडून येई. 'आपल्यात राजकारण नाही' असं आम्ही अभिमानाने सांगत असू. दोन हजार सातच्या जानेवारीत संजय देवधर ठरला होता. माणूस चांगला, बेसमेंट मोठं. तेवढ्यात सुवर्णा वानखेडेचा ईमेल आला की अध्यक्षपदाला तीही उभी आहे, आणि घटनेप्रमाणे तसं राहता येतं. मंडळाला घटना आहे, हे निम्म्या सभासदांना त्या ईमेलवरून कळलं.

सुवर्णा नागपूरची, इंजिनिअर. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, त्यामुळे इथे नोकरी करायची परवानगी नाही. दर रविवारी ती लायब्ररीत आमच्या मुलांना मराठी शिकवायची. मुलं इंग्रजीत उत्तरं द्यायची, ती पुन्हा मराठीत विचारायची. कामसू म्हणून सगळे तिचं कौतुक करत. उभी राहिल्यावर तिला जरा अॅम्बिशन आहे, असं म्हणू लागले.

त्या शनिवारी संजय कमिटीतल्या दोघांना घेऊन प्रसादकडे आला. गिरिजाने थालीपीठं केली. ती संपली, थंडीवरचं बोलणं संपलं, ग्रीन कार्डाच्या रांगेवरचंही संपलं, तरी मंडळी उठेनात. मग संजय म्हणाला, की हरली तर तिलाच वाईट वाटणार, दोन गट पडणार, पुढच्या पिढीपुढे काय आदर्श राहणार. काकांनी शब्द टाकला तर ती अर्ज मागे घेईल.

"तुम्ही स्वतः करून दाखवलंय, काका. तुमच्या शब्दाला वजन आहे."

काका हो म्हणाले. हो म्हटल्याखेरीज अशी माणसं उठत नाहीत, हे त्यांना पन्नास वर्षांपासून ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी प्रसादने त्यांना सुवर्णाच्या अपार्टमेंटपाशी सोडलं आणि तो दूध आणायला गेला. सुवर्णाने दार उघडलं. टेबलावर तिळाचे लाडू वळायला घेतलेले होते.

"बसा न काका. मागे घ्यायला सांगायला आलात न?"

"हो," काका म्हणाले आणि त्यांनी संजयचा निरोप जसाच्या तसा सांगितला. आदर्श, गट, पुढची पिढी, काही गाळलं नाही. तिने हातातला लाडू वळून ताटात ठेवला.

"अन् तुम्ही उमेदवारी मागे घेतली तेव्हा बरं वाटलं होतं का?"

हे त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं. टाळ्यांच्या कार्यक्रमात प्रश्नोत्तरं नसतात. काका न रंगवता सांगू लागले. सत्तावन्नला ते अपक्ष उभे होते. वय सव्वीस, चिन्ह सायकल, प्रचारही सायकलवरूनच. अर्ज मागे घ्यायची मुदत संपल्यावर संयुक्त महाराष्ट्र समितीची माणसं घरी आली. अपक्षामुळे मतं फुटतील म्हणाली. सोप्यावर बसली, चहा झाला, पुन्हा चहा झाला. वडील आतून खोकत होते, पोरं वर्गात वाट बघत होती. मास्तर दमले आणि पाठिंब्याच्या पत्रकावर सही करून मोकळे झाले. लोकांनी त्याला त्याग म्हटलं. दमलेल्या माणसाने सही केली की तिला पुढे चांगलं नाव मिळतं.

पण मुदत टळलेली असल्यामुळे त्यांचं नाव काही निघालं नाही. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असे, वर चिन्ह चिकटवलेलं. सायकलची पेटी प्रत्येक केंद्रावर ठेवली गेली. पत्रक तालुकाभर वाटलं होतं, पण ते वाचता येणाऱ्यांसाठी होतं. मोजणीच्या दिवशी पेट्या उघडल्या तर सायकलच्या पेटीत मतं निघाली.

"पुढे एकदा बाजारात एक भाजीवाली भेटली," काका म्हणाले. "म्हणाली, 'मास्तर, म्या तुमच्याच पेटीत टाकलं बरं का.' मी उभाच नव्हतो, हे तिला नाही सांगितलं मी. वांगी घेतली आणि घरी आलो."

खाली प्रसादने हॉर्न वाजवला.

"मग काय करू मी?" तिने विचारलं.

"मी निरोप पोचवलाय," काका उठत म्हणाले. "माझं काम झालं."

तिने डबाभर लाडू दिले. प्रसादने गाडीत विचारलं, काय झालं. काका म्हणाले, लाडू मिळाले.

सुवर्णाने अर्ज मागे घेतला नाही. मग निवडणूक घ्यायची कशी, हा प्रश्न आला. नागपूर-पुण्याहून आलेले, बँकांची सॉफ्टवेअर चालवणारे आम्ही, आणि आमच्यापैकी एकालाही मतदान कसं मांडतात ते ठाऊक नव्हतं. अनुभवी म्हणून कमिटीने काकांनाच निवडणूक अधिकारी नेमलं. काकांना एकच पद्धत माहीत होती. त्यांनी इंडियन ग्रोसरीतून दोन रिकामी खोकी आणवली आणि दोघांना चिन्ह विचारलं. संजयने पतंग घेतला. सुवर्णाने सायकल मागितली.

"ते पडतं चिन्ह आहे," काका म्हणाले.

"असू द्या."

संक्रांतीच्या कार्यक्रमात, शाळेच्या कॅफेटेरियात, गिरिजाच्या जुन्या साडीचा पडदा लावून मतदान झालं. सून-मुलाच्या वर्गणीत आईवडीलही सभासद असल्यामुळे काकांनाही मत होतं. ते सर्वांत शेवटी आत गेले आणि गुडघ्यांच्या मानाने लवकर बाहेर आले.

संजय निवडून आला. बऱ्याच फरकाने आला. पण सायकलची पेटी रिकामी नव्हती, आणि तीत मतं कोणाची, हा विषय आमच्या घराघरांत वसंत ऋतूपर्यंत पुरला. सुवर्णाने संजयला तिळगूळ दिला आणि पुढच्या रविवारी लायब्ररीतला वर्ग नेहमीच्या वेळी घेतला.

त्या वर्षीच्या गणपतीत माइकवरचं ते वाक्य गाळलं गेलं. ठरवून की विसरून, ते कमिटीलाच माहीत. प्रसादला वाईट वाटलं, गिरिजाला राग आला. काका मागच्या रांगेत सुवर्णाशेजारी बसले होते.

"तुमचं नाव नाही घेतलं त्यांनी," ती म्हणाली.

"बरं झालं. उठावं लागतं." मग, बराच वेळ राहून गेलेलं सांगावं तसे ते म्हणाले, "मी तुझ्याच पेटीत टाकलं बरं का."

"मी उभी होते, काका," सुवर्णा म्हणाली.

"हो. म्हणून तर सांगितलं," काका म्हणाले, आणि आरतीला सगळे उठले तेव्हा खुर्चीतच बसून टाळ्या वाजवू लागले.