निसारचे छतातले स्पीकर

माणसं पाहिलेले पिक्चर विसरतात, पण पिक्चरला आलेली माणसं मला विसरता येत नाहीत. रत्नागिरीत आमचं छोटं थिएटर आहे. तिकीट खिडकीत बसून माझ्याकडे इतके किस्से साठलेत की सांगायला बसलो तर इंटरव्हल घ्यावा लागेल! त्यातले निम्मे निसारच्या स्पीकरांचे.

निसार माझा शाळेपासूनचा मित्र, आता पार्टनर. दुबईत थिएटरच्या साउंडचं काम करून परत आला आणि स्वतःच्या कमाईतून आमच्या छतात स्पीकर बसवले. "विमान गेलं तर डोक्यावरनं जायला हवं!" म्हणायचा. वेड होतं, पण मला ते आवडलं होतं.

*

पहिल्याच शोला पडद्यावर धो धो पाऊस, आणि आवाज थेट डोक्यावर. बघता बघता मधली रांग उठून कडेला! एक आजोबा तावातावाने खिडकीशी आले.

"आवो, छप्पर शाकारलं नाय काय यंदा? वरनं गळतंय!"

"काका, तो पिक्चरमधला पाऊस!" निसार हरखून म्हणाला.

आजोबांनी टोपी चाचपली. कोरडी होती. "असूं दे. तरी पत्रे बघून घ्या एकदा."

निसार आठवडाभर खूश होता. असं कौतुक पुन्हा त्याच्या वाट्याला आलं नाही.

*

पुढे रोज एकच फर्माईश, "आवाज कमी करा!" एकदा ऐन लढाईत एक ताई बाहेर आल्या. "दादा, जरा हळू लावा ना. बाळ आताच झोपलंय."

निसारने मुकाट्याने आवाज कमी केला. लढाई कुजबुजत संपली.

*

पूर्णगडच्या मच्छीमार बोटीवरच्या एका ओळखीच्या तांडेलाला निसारने आग्रहाने पिक्चरला बोलावलं. तो म्हणाला, "बगितला मी. बोटीवर, मोबाईलवर."

"अरे, पण आवाज?"

"इंजिन चालू असताना कसला आवाज! पण कळला ना सगळा."



*

खुद्द निसारच्या घरातही वेगळं नव्हतं. हॉलमधले त्याचे लाडके स्पीकर भाभींनी सोफ्यामागे सरकवले, वर विणलेला रुमाल आणि फुलदाणी ठेवली. निसार कळवळला, तर भाभी म्हणाल्या, "येतो ना आवाज?"

या एका प्रश्नापुढे त्याची सगळी विद्या हरली. मला त्याचं फार वाईट वाटलं.

*

मग छतातले स्पीकर कुरकुरायला लागले. दुरुस्तीचा खर्च आम्हाला झेपणारा नव्हता. मी म्हटलं, "काढून टाकूया."

निसारने एकदा छताकडे पाहिलं. मग म्हणाला, "एक रविवार छतातले बंद ठेवू. आवाजाबद्दल एकाने जरी विचारलं, तर कर्ज काढून दुरुस्त करीन. नाहीतर काढ."

मी हो म्हटलं. मनातून मात्र वाटत होतं, कुणीतरी विचारावं.

रविवारी गर्दी चांगली होती. शो सुटला तेव्हा निसार दाराशी उभा राहून प्रत्येकाचा चेहरा बघत होता. लोक हसत, बोलत, चपला वाजवत निघून गेले. कुणी थांबलं नाही. सगळ्यांत शेवटी कॉलेजातले एक प्राध्यापक घुटमळले.

"जरा विचारायचं होतं. आवाजाबद्दल."

निसारचा चेहरा असा उजळला की मलाच भरून आलं. "विचारा ना सर, विचारा!"

"आज नवीन सिस्टिम बसवलीत ना? पहिल्यांदाच सगळं नीट ऐकू आलं!"

निसारने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"होय सर," तो म्हणाला. "आजच बसवली."